नाव जुळत नाही

धम्मपाल माजलाय, असं हल्ली गावात म्हणतात. भरल्या सभागृहात पाहुण्यांच्या हातातलं सन्मानचिन्ह त्यानं घेतलं, वाचलं, टेबलावर परत ठेवलं आणि खाली उतरला. शाल नाही, नारळ नाही. दुसऱ्या दिवशी एका पेपरात दोन ओळी आल्या, 'सत्कारमूर्तींचा तोल सुटला' म्हणून. तोल कुणाचा सुटला होता ते मी पहिल्या रांगेत बसून पाहिलंय. ज्यांनी पाहिलं नाही तेच जास्त बोलतात, ही आमच्या कोल्हापूरची जुनी रीत. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मी इथल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पंचवीस वर्षं झाली. पगारपत्रकावर नाव वसुधा. लोकांना मी माहीत आहे ती खिडकीतली बाई म्हणून. दवाखान्यातून डॉक्टरांचा फॉर्म यायचा, सोबत पेशंटच्या रक्ताची छोटी ट्यूब यायची. दोन्हींवरचं नाव मी ताडून बघायची, मग ट्यूबमधलं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळतंय का ते बघायची आणि जुळलं की पिशवी खिडकीतून बाहेर. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात चूक झाली तर समोरचा माणूस मरतो.

नव्वदच्या सुमाराला पिशवी न्यायची कशी, याचा कुणी विचारच केला नव्हता. नातेवाईक यायचे, पिशवी घ्यायचे आणि पळायचे. कुणी जेवणाच्या डब्यात घालून न्यायचा, कुणी शर्टाच्या आत. एकानं तर एसटीत ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर ठेवून पन्हाळ्याला नेली. बाळंतिणीला शिजवलेलं रक्त घालणार होता का, असं मी नंतर त्याला विचारलं, तर म्हणाला, "बसायला जागा न्हवती, मॅडम." 

धम्मपाल पहिल्यांदा आला तो १९९१ साली, वर्कशॉपमधल्या जोडीदाराचा हात मशीनमध्ये सापडला होता म्हणून रक्त द्यायला. बुटका, जाड मानेचा, नखांत ग्रीस. उद्यमनगरात लेथवर काम करायचा. घर कसबा बावड्यात, वडिलांचं नाव गणपती, ते साखर कारखान्याच्या यार्डात कामाला, आई तानूबाई दुसऱ्याच्या रानात. रक्त देऊन बाहेर बाकावर चहा पीत बसला होता. शेजारी एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन रडत होता, गावाकडची एसटी चुकली म्हणून. धम्मपालनं चहा अर्धा टाकला.

"आणा हिकडं," तो म्हणाला. "कुठला दवाखाना त्येवडं सांगा."

त्याच्याकडं जुनी राजदूत होती. तिचा आवाज दोन गल्ल्या आधी यायचा. त्या दिवसापासून तो येतच राहिला. लसी येतात तसला थर्माकोलचा डबा मी त्याला मिळवून दिला, तळाला बर्फाच्या पिशव्या, वर पुठ्ठा, त्यावर रक्त. डबा मागच्या सीटवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायचा. त्याचं बघून आणखी पोरं आली, लेथवरची, एक दूधवाला, एक प्राथमिक शाळेतला मास्तर. अकरा गाड्या झाल्या. बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. नाव नसलेलं कोल्हापुरातलं ते एकमेव मंडळ असेल. निरोप यायचा आण्णांच्या वर्कशॉपमधल्या फोनवर. आण्णा म्हणजे धम्मपालचे मालक. ते आधी शिवी घालायचे आणि मग लेथ स्वतः बंद करायचे.

आणि तोंड! धम्मपालचं बोलणं म्हणजे भांडणच. माझ्या खिडकीवर थापा मारून ओरडायचा, "बाई, आवरा की! पिशवी काय पेरून उगवायला घातलीया व्हय?" मीही काही कमी नव्हते. आमची भांडणं ऐकून नवीन शिपायाला वाटायचं, आता हे एकमेकांच्या अंगावर जातात.

एकाच ठिकाणी तो गप्प बसायचा. खेड्यातल्या दवाखान्यात पोचला की कुणीतरी विचारायचंच, "पावणं कुठलं?" तो म्हणायचा, "बावड्याचा." मग, "बावड्यात कुणाचं?" तो म्हणायचा, "गणपतीचा." पण विचारणाऱ्याला गणपती नको असायचा, आडनाव हवं असायचं. ते मिळेपर्यंत तो सोडायचा नाही. मिळालं की त्याचा चेहरा बदलायचा. आतून येणारा पाण्याचा तांब्या मग थांबायचा आणि बाहेरचा नळ दाखवला जायचा. माणूस वीस किलोमीटर रक्त घेऊन आलाय आणि यांना त्याची आळी शोधायची आहे! त्या पिशवीवर रक्त देणाऱ्याचं आडनाव नसतं, हे यांचं नशीब. नाहीतर निम्मे लोक मेले असते, पण पिशवी परत पाठवली असती.

आता जानेवारी १९९५.

हुपरीतल्या एका प्रसूतिगृहातून सकाळी साडेदहाला आण्णांकडं फोन आला. पहिलटकरीण, पहाटे मुलगी झालीय, रक्तस्राव थांबत नाही, हलवता येत नाही, दोन पिशव्या लागतील. नमुना न्यायला कुणाला तरी पाठवा. बापूसो चौगुले म्हणून हुपरीत पैंजणांचं काम करणारे आहेत, त्यांची ही एकुलती एक मुलगी. बाळंतपणाला माहेरी आलेली.

ऊस तोडणीचे दिवस. रस्त्यात बैलगाड्यांची रांग आणि मधे उसानं लादलेले ट्रॅक्टर. त्यातूनही धम्मपाल पाऊण तासात हुपरीत पोचला. बारा वाजता तो माझ्या खिडकीसमोर होता. मी ट्यूब घेतली, फॉर्म उलगडला.

फॉर्मवर होतं: आदिती वृषभ मगदूम.

ट्यूबवर होतं: त्रिशला बापूसो चौगुले.

"हे काय आहे?" मी विचारलं. "दोन बायकांची नावं आहेत."

"आवो एकच बाई हाय ती!"

"कशावरून? तू बघितलीस?"

त्यानं खिडकीवर थाप मारली. मग आणखी जोरात ओरडला, "बाई, पोरगी मराया लागलीया तकडं! नावं कसली बघताय?"

नावंच बघायची असतात. त्या दवाखान्यात पेशंटला नंबर घालत नव्हते, माझ्या हातात नावाशिवाय काही नव्हतं. शेजारच्या खाटेवर दुसरी बाई असली आणि ही ट्यूब तिची असली, तर माझ्या पिशवीनं एका तासात हिचा जीव जाईल. मी फोन लावला. 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.' पुन्हा लावला. तीच ती गोड आवाजातली बया. पाच वेळा लावला. कुणालाही चालणारं 'ओ' निगेटिव्ह असतं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर न जुळवता तसंच देता आलं असतं, पण फ्रीजमध्ये त्या दिवशी तसली एकही पिशवी नव्हती. मी रजिस्टर उघडलं, लाल शाईनं लिहिलं, 'नाव जुळत नाही. परत.' आणि ट्यूब त्याच्या हातात दिली.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी आजही तो चेहरा विसरलेले नाही. मग राजदूतचा आवाज आला आणि लांब गेला.

पावणेएकला तो हुपरीत. नवा नमुना, या वेळी दोन्हीवर एकच नाव. पावणेदोनला माझ्याकडं. रक्त जुळवायला पाऊण तास लागतो, तो पाच मिनिटांनीही कमी करता येत नाही. मी करून बघितलं नाही असं समजू नका. अडीचला तो दोन पिशव्या घेऊन निघाला. सव्वातीनला पोचला.

ती तीनला दहा कमी असताना गेली होती.

साडेचार वाजता तो परत खिडकीशी आला. डब्यातून दोन्ही पिशव्या काढून त्यानं समोर ठेवल्या. "लागल्या न्हाईत," एवढंच म्हणाला. त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली होती आणि गालावर बोटं उठलेली. बापूसोंनी त्याची कॉलर धरून कानाखाली ओढली होती. "चार तास कुटं झोपलातास?" म्हणून. त्याला दुसऱ्यांदा नमुना का न्यावा लागला, ते दवाखान्यातल्या कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि ज्ञानू नावाचा तिथला कंपाउंडर शेजारून म्हणाला होता, "असल्यांच्या हातात काम दिल्यावर आनि काय व्हनार!"

"बाई, ती एकच हुती," धम्मपाल म्हणाला. "आदिती म्हंजेच त्रिशला. लग्नात नाव बदललंतं. जावयानं केसपेपरवर सासरचं नाव घातलंतं, डाक्टरनं त्येच फॉर्मवर उतरून घेतलं. रक्त काडताना नर्सनं आईला इचारलं, पोरीचं नाव काय, तर आईनं माहेरचं सांगितलं."

मला राग आवरेना. माझा मला आला होता, तो मी त्याच्यावर काढला. "मग आत जाऊन बघायला काय झालं होतं तुला? दोन मिनिटं आत गेला असतास तर आईच्या तोंडचं नाव ऐकलं नसतंस?"

"आत सोडलं न्हाई," तो म्हणाला.

कंपाउंडरनं दारातच विचारलं होतं, पावणं कुणाचं. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला होता, "मग हितंच बसा पायरीवर. आत बायामानसं हाईत." धम्मपाल पायरीवर बसला असताना दूधवाला किटली घेऊन आत जाऊन आला होता. फुलवाला आत जाऊन आला होता. बायामाणसं त्यांना चालत होती. पुडीत बांधलेली ट्यूब आणि घडी घातलेला फॉर्म धम्मपालच्या हातात पायरीवर आला.

मला त्या दिवशी सगळ्यांचा संताप आला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं बाईचं नवं नाव लिहिणाऱ्यांचा, ते नाव केसपेपरवर घालणाऱ्या जावयाचा, न विचारता उतरून काढणाऱ्या डॉक्टरचा, त्या ज्ञानूचा. नियमाचा आला नाही, कारण नियम बरोबर होता. पण बरोबर वागूनही बाई मेली, हे घेऊन मी घरी कसं जायचं होतं? घरी गेले, भाकरी थापल्या आणि पहिली भाकरी करपली तेव्हा तव्यावर उलथनं आपटलं. सासूबाई म्हणाल्या, "वसुधा, काय झालं?" मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

महिन्याभरानं खिडकीशी एक बाई आल्या. साधं लुगडं, हातात कापडी पिशवी, मागं कुणी नाही. "मी रत्नाबाई चौगुले, हुपरीची," म्हणाल्या.  मला वाटलं, आता शिव्या देणार, आणि त्यांनी द्याव्यात असंच मला वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीत काय लिवलंय, ते मला बघायचंय."

मी रजिस्टर दाखवलं. नियमात बसत नाही, पण दाखवलं. त्यांना वाचता येत होतं, हळूहळू. पहिल्या नावावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग लाल ओळीवर.

"ही दोनी बी माझीच पोर हाय की वो," त्या म्हणाल्या. "जुळत न्हाई कसं?"

मी रजिस्टर मिटायला गेले, त्यांनी बोट काढलं नाही.

"तांदळात लिवलेलं नाव माझ्या तोंडात बसलंच न्हाई, बाई. दीड वरीस झालंतं निस्तं. नर्सनं इचारलं, पोरीचं नाव काय. मी काय सांगू? बावीस वरसं जी हाक मारली त्येच सांगितलं." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मीच मारली तिला."

"तुम्ही नाही," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका चढला की आतले लोक बघायला लागले. "तुम्ही बरोबर नाव सांगितलंत. ज्यांनी बदललं त्यांनी मारलं."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. जाताना एवढंच विचारलं, "त्यो गाडीवाला पोरगा येतो का हितं? आमच्या मालकांनी हात उचलला त्याच्यावर. त्याला म्हनावं, मी बघत हुते, आडवलं न्हाई." बापूसो स्वतः कधी आले नाहीत. धम्मपालला मी निरोप दिला. तो म्हणाला, "त्या बाईचा काय दोष?" आणि डबा बांधायला लागला. 

मी साहेबांकडं गेले, आमच्या रक्तपेढीच्या प्रमुखांकडं. म्हटलं, फॉर्मवर दोन रकाने वाढवा, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. ते म्हणाले, पाच हजार फॉर्म छापून आलेत, संपले की बघू. मी ते तणतणत धम्मपालला सांगितलं. चार दिवसांनी तो आला तो खिशात रबरी शिक्का घेऊन. पापाच्या तिकटीच्या चौकात करून घेतला होता. जांभळ्या शाईत उमटायचं: 'माहेरचं नाव', 'सासरचं नाव', आणि खाली तिसरी ओळ, 'हाकेचं नाव'.

"ही तिसरी कशाला?" मी विचारलं.

"बाई बेसुद व्हायच्या आदी कुठल्या हाकंला वळती, त्ये बगायचं," तो म्हणाला. "कागदावरचं कायबी असू दे. वळती त्येच खरं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमचं माहेरचं नाव काय वो?"

मी गडबडले. असं मला लग्नानंतर कुणी विचारलं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, भाऊ त्याच्या आधीच गेला होता. ते नाव घेणारं माणूसच उरलं नव्हतं.

"हौसा," मी म्हणाले.

"मग वसुधा कुनी आनलं?"

"आमच्या यांनी. तांदळात लिहिलं."

त्या दिवसापासून मी त्याची हौसाक्का झाले. बाकीच्या साऱ्या जगाला वसुधाताई.

आणि त्या दिवसापासून अकरा गाड्यांची कामाची पद्धत बदलली. पायरीवर बसायचं नाही. ट्यूब दारात घ्यायची नाही. आत जायचं, खाटेपर्यंत, फॉर्मवरच्या नावानं हाक मारायची. बाई वळली तर ठीक. नाही वळली तर सोबतच्या माणसाला विचारायचं, हिला घरी काय म्हणता. शिक्का मारायचा, तिन्ही ओळी भरायच्या, ट्यूबवर तीच नावं घालून घ्यायची आणि मगच गाडीला किक.

लोकांनी काय तमाशे केले! परका माणूस बाळंतिणीच्या खोलीत येतोय म्हणून नर्सांनी आरडाओरडा केला. एका डॉक्टरनं साहेबांकडं तक्रार केली. पावणं कुणाचं, हे विचारणं काही थांबलं नाही, पण आता धम्मपाल गप्प बसायचा नाही. "नाव माझं धम्मपाल," तो पायरीवरूनच ओरडायचा, "आडनाव पायजेल आसंल तर आदी पेशंटचं सांगा, मग माझं सांगतो. आनि रक्त पायजेल आसंल तर वाटेतनं सरका." मास्तर त्याला म्हणाला, अरे गोडीत सांग जरा. धम्मपाल म्हणाला, "गोडीत पायरीवर बसलोतो की मी. काय झालं?"

पन्हाळ्याच्या बाजूला एकदा फॉर्मवर सुनीता लिहिलेली बाई सुनीता म्हटल्यावर छताकडंच बघत राहिली. बायडी म्हटल्यावर वळली. कागद दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. दुसऱ्या एका दवाखान्यात तर दोन खाटांवर खरोखरच दोन वेगळ्या बायका निघाल्या आणि ट्यूब शेजारणीची होती. ती तशीच आली असती आणि मी डोळे झाकून पिशवी दिली असती, तर? धम्मपालनं ते सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसून घेतलं. तोही पहिल्यांदा खिडकीतून खालच्या आवाजात बोलला. "हौसाक्का, त्या दिवशी तुमी मला परत लावलं, त्ये बरोबरच हुतं," म्हणाला. दोन वर्षं लागली त्याला ते म्हणायला. मला अजून लागताहेत.

१९९७ मध्ये त्याचं लग्न झालं. मुलीचं नाव अक्षता. लग्न बुद्धवंदना घेऊन झालं, डोक्यावर तांदळाऐवजी फुलं पडली. पण घरी येऊन बघतो तर तानूबाईनं ताटात तांदूळ पसरून वर अंगठी ठेवलेली! धर्म बदलला, पण ही खोड उंबऱ्याच्या आत तशीच बसून होती. आयाबाया गोळा झालेल्या, नवीन नाव काय ठेवायचं याची चर्चा रंगलेली. मी तिथं होते. धम्मपालच्या कपाळाची शीर फुगलेली मला दिसली आणि वाटलं, आता हा ताट भिरकावतो.

त्यानं अंगठी उचलली आणि तांदळात मोठ्या अक्षरात लिहिलं: अक्षता.

"आरं, तांदळात तांदूळच लिवलास की!" एक आत्या म्हणाली आणि सगळे हसले. तानूबाई हसली नाही. "ही काय रीत झाली?" ती म्हणाली. "सासरी आल्यावर नाव बदलतंय. माझं न्हाय बदललं?"

"आय, तुझं आदीचं नाव काय हुतं?"

तानूबाई उत्तर द्यायला गेली आणि थांबली.  "सोना म्हनायचा माझा बा," ती शेवटी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. धम्मपाल तिच्या मागं गेला. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. अक्षता मात्र अक्षताच राहिली.

पुढं मोबाइल आले, काही गावांत रक्त साठवायची सोय झाली, राजदूत जाऊन दुसरी गाडी आली. आमचे नवे फॉर्म २००१ ला छापले गेले तेव्हा त्यात दोन रकाने आले. तिसरा, हाकेचा, आलाच नाही. साहेब म्हणाले, तो शास्त्रीय नाही. धम्मपालचा शिक्का झिजला, त्यानं दुसरा करून घेतला.

आणि मग २००७ मध्ये गावातल्या एका सेवाभावी मंडळाला सोळा वर्षांनी जाग आली. रक्तदूतांचा सत्कार! अकराजणांची नावं मागून घेतली. धम्मपालनं स्वतःच्या हातानं लिहून दिली. निमंत्रणपत्रिका आली, तर त्यावर छापलेलं: श्री. धर्मपाल.

तो फोन करून म्हणाला, नाव चुकलंय. मंडळाचे सचिव म्हणाले, प्रूफ बघणाऱ्यानं सुधारलं वाटतं. सुधारलं! म्हणजे धम्म ही चूक आणि धर्म हे बरोबर. "सन्मानचिन्हावर तरी नीट घाला," धम्मपाल म्हणाला. त्यावर सचिव हसून म्हणाले, "अहो, एका अक्षरानं काय होतंय?"

एका अक्षरानं काय होतं! मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, जाऊच नको. तो म्हणाला, "बाकीची धा पोरं नटून बसल्यात, हौसाक्का. त्यांच्यात का मोडता घालू? बगू, नीट घातलं आसंल."

सभागृह भरलं होतं. मी आणि माझे यजमान पहिल्या रांगेत. भाषणात पाहुण्यांनी रक्ताला जात नसते असं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मग एकेक नाव पुकारलं गेलं. शेवटी, "श्रीयुत धर्मपाल!"

धम्मपाल हलला नाही. पुन्हा पुकारलं. तो बसूनच राहिला. लोक वळून बघायला लागले. मला कळत होतं, त्याची हाकच झाली नव्हती. शेवटी मास्तरनं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा तो उठला. वर गेला. सन्मानचिन्ह हातात घेतलं आणि वाचलं. म्ममधला अर्धा म काढून वर रफार दिलेला. बारा वर्षं जो माणूस दुसऱ्यांची नावं तीन-तीनदा विचारून लिहीत आला, त्याचं एक नाव यांना धड लिहिता आलं नाही, आणि लाज तर नाहीच.

"सायेब," तो म्हणाला. माइक शेजारीच होता, आवाज सगळीकडं गेला. "ह्ये माझं न्हवं. नाव जुळंना."

सचिव पुढं आले, तोंडभर हसत. "घ्या हो, घ्या. मन मोठं करा. एवढ्यासाठी कुणी अडतं का?"

धम्मपालनं सन्मानचिन्ह टेबलावर ठेवलं. त्याचा गाल लाल झाला होता, हुपरीहून परत आला होता त्या दिवशीसारखा. त्यानं खाली बघितलं.

"हौसाक्का," त्यानं हाक मारली. "तुमी सांगा. चालतंय काय ह्ये?"

ही हौसाक्का कोण ते सभागृहात कुणालाच कळेना. लोक इकडंतिकडं बघायला लागले. माझे यजमानही मान वळवून मागच्या रांगांत शोधायला लागले. एकतीस वर्षांपूर्वी ते नाव यांनीच तांदळात पुसलं होतं.

मी उभी राहिले.

"नाव जुळत नाही," मी म्हणाले. "परत."